लतिकाचा उभा शिंपला

लतिका पांढरीपांडे हिने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तेविसाव्या वर्षी, आणि तोही लांबून. नागपूरची मुलगी. नागपुरात पाणी म्हणजे अंबाझरी, आणि अंबाझरीच्या काठावरसुद्धा आईने तिचा हात कधी सोडला नव्हता. पुढे लग्न झालं, देवदत्तच्या मागोमाग अमेरिकेला आली, नोकरीला लागली, इला झाली, नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला घर झालं. सगळं चारचौघींसारखं. चाळिशी उलटल्यावर मात्र ही बाई टाउनच्या पूलमध्ये पहिलीतल्या पोरांच्या रांगेत उभी राहून पोहायला शिकली. पोरं तिच्याआधी पलीकडे पोचायची आणि वळून तिच्यासाठी टाळ्या वाजवायची. तिला लाज वाटली नाही असं नाही. वाटली, पण लाजेने कुणी बुडत नाही हे तिच्या लवकर ध्यानात आलं.

हे खूळ डोक्यात शिरलं ते ऑफिसच्या कामामुळे. लतिका सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेते आणि घरी तेच काम फुकट करते, असं देवदत्त म्हणतो. कंपनीने तिला एकदा बार्सिलोनाला पाठवलं. सुट्टीच्या दिवशी तिथली मंडळी किनाऱ्यावर गेली, तेव्हा कुणीतरी तिच्या हातात मास्क आणि तोंडात धरायची नळी दिली. पोहता येत नव्हतंच. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तिने नुसतं तोंड पाण्यात घातलं. खाली एक वीतभर तांबूस मासा आपल्या दोन मिशांनी वाळू चाचपत चालला होता, चष्मा हरवलेला म्हातारा पलंगाखाली चाचपतो तसा. तो दिसेनासा होईपर्यंत लतिका वाकूनच राहिली. संध्याकाळी पाठ भाजून लाल झाली होती, आणि बाईंचं मन काही वर आलं नव्हतं.

मग पूल झाला. मग एका जुन्या दगडखाणीच्या हिरव्या, थंडगार पाण्यात पाठीला टाकी बांधून खाली जायला शिकणं झालं. मग कॅमेरा आला, आणि कॅमेऱ्याला पाणी लागू नये म्हणून त्याची जाडजूड पेटी आली. दर परतीनंतर ती पेटी गोड्या पाण्याच्या बादलीत भिजत पडायची आणि काळा रबरी सूट बाथरूमच्या दांडीवर लोंबायचा. सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या, तेव्हा पहिल्याच सकाळी तो सूट पाहून किंचाळत बाहेर आल्या होत्या. बाथरूममध्ये कोणी तरी माणूस लटकलाय, असं त्यांचं म्हणणं.

कॅरीतल्या मराठी लोकांत या प्रकारावर बरंच बोलून झालं. आपल्याकडे रजा आपली नसतेच. ती नागपूर-पुण्याच्या आईवडिलांची असते, आपण फक्त ती साठवतो. लतिकाने सरळ वाटणी केली: एक वर्ष नागपूर, एक वर्ष भूमध्य समुद्र. त्यात हे घर पक्कं शाकाहारी. मासे खात असती तर एक वेळ समजलं असतं, असं मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, जिथे प्रत्येक घर एकेक पदार्थ घेऊन येतं, एक काकू तिच्या तोंडावर म्हणाल्या. लतिकाने त्यांना फोनवर एका गोगलगाईचा फोटो दाखवला. जांभळा, नखाएवढा जीव, पाठीवर केशरी टोकांचा पिसारा. काकू म्हणाल्या, छान आहे, पण याचा उपयोग काय? उपयोग विचारणाऱ्या माणसाला लतिका कधी उत्तर देत नाही. पुढचा फोटो दाखवते.

तिची काम करायची रीत मात्र ऐकण्यासारखी आहे. पाण्याखाली लाल रंग पहिल्यांदा मरतो, म्हणून जवळ जावं लागतं, आपला प्रकाश आपणच न्यावा लागतो. जवळ जावं तर जीव दचकतो. म्हणून ती आधी जाते आणि काहीच करत नाही. पडून राहते. त्या माशाला, खेकड्याला, आठ पायांच्या त्या संशयी प्राण्याला हिचा कंटाळा येईपर्यंत पडून राहते, आणि मग श्वास सोडता सोडता फोटो घेते. कशालाही हात लावत नाही. फोटो नीट यावा म्हणून कुणी दगड उलटला, कुणी एखादा जीव उचलून चांगल्या जागी ठेवला, की ती त्या माणसाबरोबर परत बुडी मारत नाही. यावरून तिची दोन-तीन माणसांशी कायमची बिनसली आहे, आणि त्याचं तिला काडीचं वाईट वाटत नाही.

आता महालक्ष्म्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं फार सोपं वाटेल.

पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. पांढरीपांड्यांच्या घरी त्या पिढ्यानपिढ्या बसतात. सासरे गेल्यावर सासूबाईंनी ज्येष्ठा-कनिष्ठेचे पितळी मुखवटे थोरल्या सुनेच्या हाती दिले, आणि लतिकाने ते विमानात मांडीवर धरून कॅरीला आणले. तेव्हापासून दरवर्षी तिच्या घरी महालक्ष्म्या. स्टँडला साड्या नेसवताना निऱ्या मनासारख्या पडेपर्यंत ही पाच वेळा सोडणार. सोळा भाज्यांसाठी सगळी इंडियन स्टोअर्स पालथी घालणार. आंबील, कढी, पुरणपोळी, फुलोरा. दारात बुटांचा डोंगर आणि आत अख्खं कॅरी. पूजेला देवदत्त बसायचा, पण दारातून महालक्ष्म्यांना आत आणायचं ते घरच्या सवाष्णीने, म्हणजे लतिकाने. ते पाऊल आत टाकताना तिच्या अंगावर दरवेळी काटा यायचा. देव मानते का, असं विचारलं तर ती नीट सांगू शकली नसती. पण त्या दोघी तिच्या होत्या.

आणि घोडं अडलं ते इथंच.

भूमध्य समुद्रात एक मोठा शिंपला असतो. वाळूत टोक रोवून उभा राहतो, वाढला की माणसाच्या कमरेला लागतो. काही वर्षांपूर्वी त्यांच्यात रोग शिरला आणि किनारेच्या किनारे ओस पडले. लतिकाने या शिंपल्यांची नुसती मढी पाहिली होती. समुद्री गवतात उघड्या कवाडांसारखे उभे, आत गाळ. एक तरी जिवंत पाहायचा, आणि जिवंत असताना त्याचा फोटो घ्यायचा, हे तिने मनाशी धरलं होतं. सार्डिनिया बेटावर ग्राझिया नावाची एक बाई लोकांना बुडी मारायला नेते. तिने सांगितलं की किनाऱ्यामागच्या एका उथळ खाजणात तीन शिंपले तगून आहेत, सप्टेंबरात ये. लतिकाने हिवाळ्यातच तिकीट काढलं.

तिकीट काढताना तिने हिशेब केला होता. मागच्या वर्षी गणपती ऑगस्टच्या अखेरीस होते. सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. म्हणजे यंदा महालक्ष्म्या ऑगस्टातच उरकणार आणि सप्टेंबर मोकळा. जगाच्या चुका शोधणारी ही बाई अधिक महिना विसरली. त्या वर्षी श्रावणच दोन होते. सण मागे यायच्या ऐवजी चांगले पुढे गेले, आणि महालक्ष्म्यांचं पूजन नेमकं तिच्या सार्डिनियाच्या आठवड्यात येऊन बसलं.

हे सापडलं त्या उन्हाळ्यात पुन्हा कॅरीला आलेल्या सासूबाईंना. जूनमध्ये त्या पंचांग घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि तारीख वाचून दाखवली. लतिकाच्या तोंडचं पाणी पळालं. देवदत्त म्हणाला, कॅन्सल करून टाक, पुढल्या वर्षी जा. तो हे काही चिडून म्हणाला नाही, दूध संपलंय सांगावं तसं म्हणाला. आणि खरं सांगायचं तर लतिकाही तेच म्हणाली. एअरलाइनचं पान उघडून बसलीसुद्धा. नंतर करू म्हणून ते पान तसंच राहिलं.

जुलैत ग्राझियाने कळवलं की तिघांतले दोन गेले. तिसरा अजून मिटतो.

मिटतो, म्हणजे जिवंत आहे. धडधाकट शिंपल्यावर सावली पडली की तो झटकन मिटतो. आजारी असला की रेंगाळतो, आणि शेवटी उघडाच राहतो. लतिकाने तो मेसेज पार्किंग लॉटमध्ये, गाडीत बसून वाचला. पुढल्या वर्षी हा शब्द तिच्या मनातून त्या क्षणी पुसला गेला. घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं की मी जाणार.

पुढचे काही दिवस घरात जे झालं ते भांडण नव्हतं, भांडण बरं. सासूबाई आधी समजुतीने बोलल्या. शिंपल्यासाठी देव सोडतात का कुणी, म्हणाल्या. लतिकाने वाटा सुचवल्या. इला ॲन आर्बरला कॉलेजात आहे, तिला दोन दिवस बोलावू, ती आणेल महालक्ष्म्यांना. लेकीचा मान वेगळा, सुनेचं काम वेगळं, सासूबाई म्हणाल्या. मग मैत्रीण चैत्राली आणेल. परकीच्या हाताने? मग देवदत्त आणेल. यावर सासूबाईंनी पंचांग मिटलं, आणि देवदत्त ताटातल्या भाताकडे पाहत राहिला. सासूबाईंना स्वतःला ते करता येत नव्हतं, कारण सासरे गेल्यापासून त्यांनी स्वतःच स्वतःला बाजूला बसवलं होतं. एवढी वर्षं ज्यांनी महालक्ष्म्या आणल्या त्यांचे हात एका दिवसात कसे चालेनासे झाले, हे लतिकाला कधीच पटलं नव्हतं. ते तिने त्या दिवशी बोलून दाखवलं. नको होतं बोलायला, किंवा फार आधी बोलायला हवं होतं.

सासूबाईंचा चेहरा घट्ट झाला. म्हणाल्या, "मग मुखवटे रेणूकडे जातील. अन् एक सांगून ठेवते, एकदा दुसऱ्या घरी बसल्या की मी त्यांना परत परत हलवणार नाही. विचार करून राहिली असशील तर नीट कर."

रेणू म्हणजे धाकटी जाऊ, ओहायोत डब्लिनला राहते. लतिकाने विचार केला. खरंच केला. कपाटातून मुखवट्यांची पेटी काढली, ते चिंचेने घासले, लख्ख केले, नवीन मलमलीत गुंडाळले. ते करताना तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. इलाला फोन केला तर ती म्हणाली, "आई, जस्ट गो. दे विल बी फाइन. यू वोन्ट, इफ यू डोन्ट." पोरीला मराठी उत्तर सुचत नाही, पण आई कळते.

पेटी टेबलावर ठेवून लतिका सप्टेंबरात निघाली. इकडे देवदत्तने आईला आणि पेटीला गाडीत घातलं आणि दिवसभर ड्राइव्ह करून डब्लिन गाठलं. सासूबाईंनी पेटी सगळी वाट मांडीवर धरली, सीटबेल्टच्या आत, असं नंतर देवदत्तने सांगितलं.

ग्राझियाने आधी तिला समुद्रात नेलं. टाकी बांधून दोघी खाली गेल्या, तिथे मेलेले शिंपले उभे होते, नजर पोचेल तिथवर. लतिकाने त्यांचे फोटो काढले नाहीत. दुसऱ्या दिवशी खाजण. तिथे टाकी लागत नाही, छातीच्या वर जेमतेम पाणी. पण गढूळ, आणि तळाला असा मऊ गाळ की पाय लागला तर अर्धा तास काही दिसू नये. ग्राझिया काठाशी थांबली. लतिका नळी तोंडात धरून, पाय न हलवता, हातांनी हळूहळू तरंगत गेली.

शिंपला दिसला आणि तिची सावली त्याच्यावर पडली. तो फटकन मिटला.

एवढ्या लांबून येऊन तोंडावर दार आपटून घेतल्याचा इतका आनंद कुणाला झाला नसेल. जिवंत होता! ती मागे सरली, सूर्य समोर येईल अशी वळसा घालून आली, म्हणजे सावली मागे पडेल. आणि मग नेहमीचं काम सुरू केलं, म्हणजे काही न करणं. पाण्यावर पालथी पडून राहिली. पाठीवर ऊन, पोटाशी कोमट पाणी. तिला ठाऊक होतं की आज पूजनाचा दिवस आहे. एव्हाना ओहायोत रेणू उठून पुरण शिजायला लावत असेल. निऱ्या कुणी घातल्या असतील? रेणूला निऱ्या येत नाहीत, ती पिना टोचते. लतिकाचे डोळे भरून आले, आणि मास्कच्या आत डोळे पुसता येत नाहीत, म्हणून तिला थांबून ते आपोआप निवळायची वाट पाहावी लागली.

डोळे निवळले तोवर शिंपला उघडायला लागला होता. आधी नुसती रेघ. मग बोटभर फट, मग आतल्या मांसाची फिकट झालर पाण्यात हलायला लागली. लतिकाने श्वास घेतला आणि खाली गेली. गढूळ पाण्यात लांबून काढलेला फोटो म्हणजे धुकं. हातभर अंतरावर जावं लागतं. ती गेली. गाळाच्या वर तरंगत राहिली, कुठेही न टेकता. फटीच्या आत, उंबऱ्याशी, एक काचेसारखी कोळंबी बसली होती. हे शिंपल्यात राहणारं बिऱ्हाड आहे, घरमालक मेला की तेही जातं. कोळंबीने तिच्याकडे पाहिलं, निदान लतिकाला तसं वाटलं. तिने फोटो घेतला. मग आणखी एक. छाती फुटायला आली तेव्हा ती बाजूला सरकून वर आली, आणि वळून पाहिलं तर शिंपला उघडाच होता, त्याने तिची दखलच घेतली नव्हती. याहून मोठी शाबासकी तिला माहीत नाही.

कॅरीला परतली तेव्हा हॉलमधली महालक्ष्म्यांची जागा रिकामी होती. सासूबाईंनी तिच्याशी महिनाभर कामापुरतं बोलणं ठेवलं आणि हिवाळ्याआधी नागपूरला गेल्या. मंडळात गोष्ट पसरलीच. शिंपल्यासाठी महालक्ष्म्या घालवल्या, असं लोक म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. पॉटलकमधल्या काकू आता फोटो बघायला मागेनात. लतिकाने तो फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला. त्या रिकाम्या जागी नाही, समोरच्या भिंतीवर. त्या जागी काही लावायचं तिच्याने झालं नाही.

मार्चमध्ये ग्राझियाचा फोन आला. तिसराही उघडा राहिला होता.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्या डब्लिनला. लतिका दोन दिवस आधीच जाऊन पोचली, स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, साड्याही तिनेच नेसवल्या. मान रेणूचा, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. रेणूची मात्र होती. रेणूचा खांदा आखडलेला, एवढ्या माणसांचं रांधणं तिच्या आवाक्यातलं नाही, आणि वर्षभर ती सासूबाईंना विनवत होती की ताईंकडे परत जाऊ देत. पूजन झालं, पंगत बसायची होती, तेव्हा रेणूने नागपूरला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. सासूबाईंनी आधी महालक्ष्म्या पाहिल्या. निऱ्या पाहिल्या. कुणी नेसवल्या ते त्यांना सांगावं लागलं नाही.

मग त्यांनी लतिकाला समोर बोलावलं. स्वयंपाकघरात दोन-चार बायका होत्या, त्यांचे हात थांबले.

सासूबाई म्हणाल्या, "हे बघ, मी पण म्हातारी झाले. रेणूला होत नाही. पुढल्या वर्षीपासून तुझ्याकडे बसव. मी शब्द मागे घेते. तू फक्त एवढं म्हण, चूक झाली. सगळ्यांसमोर म्हणायचं नसेल तर मला एकटीला म्हण, मी फोन धरून आहे."

आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर लतिकाला सोपं गेलं असतं. दारातून हॉल दिसत होता, त्या दोघी दिसत होत्या, नथी लावून, लखलखीत. तिला त्या हव्या होत्या. मागून रेणू हळूच म्हणाली, "ताई, म्हणून टाका ना. शब्दच तर आहे."

शब्दच होता. आणि तो म्हटला असता तर खाजणातला तो दिवस चूक ठरला असता, ते बोटभर उघडलेलं दार चूक ठरलं असतं, आणि आता तर ते दाखवायला तिथे कुणी उरलंही नव्हतं. लतिकाने पिठाचे हात पदराला पुसले.

"आई, तारीख चुकली," ती म्हणाली. "अधिक महिना विसरले, ती चूक माझी. जाणं चुकलं नाही."

सासूबाईंनी चष्मा काढला आणि लतिकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, फोन रेणूला दे. लतिकाने तो रेणूच्या हातात दिला. मुखवटे यापुढे इथेच राहणार, हे सगळ्या स्वयंपाकघराला कळलं होतं. लतिकाने पुरणाचा गोळा उचलला आणि पुढची पोळी लाटायला घेतली. पोळी फाटली नाही.